शिवेवरची साक्ष : खैरलांजी, कवलेवाडा आणि गुन्ह्याचे कथन

१

गावात घडलेल्या गुन्ह्याची कथा सांगताना 'दडलेला ताण' ही संकल्पना समीक्षेने इतक्या सहजतेने वापरली आहे, की तिच्यातील गृहीतक तपासण्याची गरज क्वचितच भासते. वरवर शांत असलेले एक गाव, त्याच्या तळाशी साचलेला जातीय वा वांशिक द्वेष, एका हत्येने त्याला फुटलेले तोंड आणि त्यातून वाचकाला होणारे समाजाचे दर्शन, अशी या कथनाची सर्वसाधारण रचना असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांवरील कादंबऱ्यांनी ती जगभर रूढ केली, आणि भारतीय खेड्यातील अत्याचारांविषयी लिहितानाही पत्रकार व अभ्यासक नकळत तिच्याच आश्रयाला जातात. या रचनेत ताण गावाच्या पोटात दडलेला असतो आणि लेखन तो उघड करते, असे मानले जाते. परंतु प्रत्यक्ष घटनांचे दस्तऐवज वाचू लागल्यावर प्रश्न उलटा उभा राहतो. हा ताण गावात खरोखरच दडलेला असतो काय? की गावात तो सर्वांना ठाऊक असतो, आणि फिर्याद, पंचनामा, बातमी व निकालपत्र यांतून प्रवास करताना क्रमाने पुरला जातो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी विदर्भाच्या पूर्व टोकावरील झाडीपट्टीतील दोन घटना येथे घेतल्या आहेत. पहिली २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे घडली. दुसरी मे २०१४ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील कवलेवाडा येथे. १ मे १९९९ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचे खोरे यांनी बांधलेला हा एकसंध प्रदेश आहे. दोन्ही घटनांत बळी पडलेली माणसे बौद्ध होती, दोन्हींमध्ये जमिनीचा प्रश्न होता आणि दोन्हींमध्ये अनैतिक संबंधांची एक गोष्ट पुढे आली. तिसरे साम्य मात्र फारसे लक्षात घेतले गेलेले नाही. दोन्ही घटनांच्या केंद्रस्थानी एक साक्ष आहे.

२

गावाच्या इतिहासात साक्षीला स्वतंत्र स्थान आहे. मराठी मुलखातील जुन्या ग्रामव्यवस्थेत शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे. ज्याला गावात घर नव्हते, त्याला गावाची हद्द ठाऊक असे. आणि ज्याच्या स्पर्शाचा विटाळ होई, त्याच्या शब्दावर दोन गावांच्या जमिनीचा निवाडा होई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात ग्रामव्यवस्थेतील हक्क आणि चाकरीचे जे तपशील येतात, ते वाचताना हे लक्षात येते, की गावाला महाराचे ज्ञान हवे होते. पण ते ज्ञान गावाच्या वतीने, गावाच्या कामासाठी वापरले जावे एवढाच त्याचा अधिकार होता. स्वतःच्या वतीने बोलणे हा त्या चाकरीचा भाग नव्हता.

पूर्व विदर्भात बलुतेदारीची ही घडी जशीच्या तशी नव्हती. हा भाग मध्यप्रांतात होता आणि मालगुजारीने बांधलेला होता. तरीही गावचा कोतवाल येथेही होता, आणि ही चाकरी अनेक गावांत महारांकडे असे. गावातील जन्ममृत्यूची व गुन्ह्यांची खबर ठाण्यापर्यंत पोचवणे हे कोतवालाचे काम. अर्थात वसाहतकालीन राज्ययंत्रणेला गावातील गुन्हा प्रथम कळे तो त्याच्या तोंडून. शिवेवरचा साक्षीदार आणि ठाण्यातला खबऱ्या या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान आहे : बोलणारा माणूस माध्यम आहे, पक्षकार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांच्या उगमाविषयीच्या ग्रंथात याच शिवेला सैद्धांतिक अर्थ दिला. मूळ टोळीपासून पराभवामुळे तुटलेली माणसे स्थिरावलेल्या वस्त्यांच्या हद्दीवर राहू लागली, राखणदारी करू लागली, आणि पुढे तीच अस्पृश्य ठरली, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्या ऐतिहासिक पुराव्याविषयी मतभेद आहेत. परंतु या मांडणीतून त्यांनी अस्पृश्यतेचा वांशिक सिद्धांत नाकारला, हे येथे महत्त्वाचे आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधापासूनच जात आणि वंश यांची गल्लत त्यांना अमान्य होती. त्यामुळे खैरलांजीसारख्या घटनेला वांशिक द्वेषाच्या चौकटीत बसवताना सावध राहणे अगत्याचे ठरते. २००१ साली डर्बन येथे झालेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न मांडण्याचा आग्रह धरला आणि भारत सरकारने त्यास विरोध केला. त्या वादात जात हा वंश आहे की नाही, याचीच चर्चा अधिक झाली. दोन्ही व्यवस्थांमध्ये गुन्हा सांगितला कसा जातो, हा तुलनेचा अधिक फलदायी मार्ग मागे राहिला.

३

जुनी घडी विसाव्या शतकाच्या मध्यावर कायद्याने मोडली. मध्यप्रदेशातील मालकी हक्क रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि मालगुजारी संपली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि विदर्भातील महार समाजाने फार मोठ्या प्रमाणावर बौद्ध धम्म स्वीकारला. या प्रदेशात ही चळवळ बाहेरून आलेली नव्हती. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी हे विदर्भातील अस्पृश्यांच्या आरंभीच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. आणि १९५४ साली स्वतः आंबेडकर भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व पराभूत झाले. त्याच मतदारसंघातील सर्वसाधारण जागेवरून प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. द्विसदस्य मतदारसंघातील या दोन निकालांतील अंतर हा या भागातील जातिसंबंधांचा एक उघड, अंकांत मांडलेला दस्तऐवज आहे. दडलेले असे त्यात काही नाही.

धम्मस्वीकारानंतर घडलेला बदल केवळ उपासनेचा नव्हता. गावकीच्या कामांना नकार हा त्याचा व्यावहारिक आशय होता. मेलेली गुरे ओढणे थांबले, मुले शाळेत गेली, काहींनी जमिनी राखल्या. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद वंशपरंपरेतून बाहेर काढल्यावर ज्या जातीचा माणूस एकेकाळी ठाण्यात खबर पोचवणारा होता, त्याच जातीचा माणूस पोलीस पाटील होणे शक्य झाले. धुसाळा या खैरलांजीजवळच्या गावचा पोलीस पाटील बौद्ध होता. त्याचे खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाशी नाते होते. पुढील घटनाक्रमाची सुरुवात त्याच्यापासून होते.

४

भोतमांगे कुटुंबाकडे सुमारे पाच एकर शेती होती. खैरलांजीत बौद्धांची घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सुरेखा भोतमांगे यांच्या शेतातून वाट काढण्यावरून गावातील इतरांशी वाद होता, आणि त्या माघार घेत नव्हत्या. मुलगी प्रियंका शिकत होती. ३ सप्टेंबर २००६ रोजी धुसाळ्याच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली. सुरेखा व प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावे पोलिसांपुढे सांगितली. त्या साक्षीवरून अटक झालेले लोक २९ सप्टेंबर रोजी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमावाने भोतमांगे यांच्या घरावर हल्ला केला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना ठार मारण्यात आले; त्यांची प्रेते कालव्यात सापडली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले, आणि फिर्याद त्यांची होती.

या क्रमात जमीन हे कारण आहे, जात ही परिस्थिती आहे, आणि साक्ष हा क्षण आहे. गावाच्या शिवेविषयी बोलण्याचा अधिकार ज्या समाजाला शतकानुशतके होता, त्या समाजातील एका स्त्रीने स्वतःच्या शेताच्या बांधाविषयी आणि स्वतःच्या आप्ताला झालेल्या मारहाणीविषयी बोलणे, तेही गावाबाहेरच्या यंत्रणेपुढे, हे जुन्या व्यवस्थेच्या व्याकरणात बसणारे नव्हते. येथे माध्यम पक्षकार झाले होते.

यानंतर या गोष्टीचे लेखन सुरू होते. आरंभीच्या काही बातम्यांत घटनेचे स्पष्टीकरण अनैतिक संबंधांच्या आधारे देण्यात आले : सुरेखा आणि तो पोलीस पाटील यांच्याविषयी गावात कुजबुज होती आणि संतापलेल्या गावकऱ्यांनी कायदा हातात घेतला, असे त्याचे स्वरूप होते. मोठ्या वृत्तपत्रांना या घटनेचे गांभीर्य कळण्यास सुमारे महिना लागला, आणि तेही सत्यशोधन करणारे कार्यकर्ते गावात गेल्यावर व नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावती येथे लोक रस्त्यावर आल्यावर. या महिन्यात जी गोष्ट प्रचलित झाली, तिच्यात जमीन नव्हती, साक्ष नव्हती आणि जातही नव्हती. एक स्त्री आणि तिचे चारित्र्य एवढेच तिच्यात उरले होते.

ही गोष्ट खोटी होती, एवढे म्हटल्याने तिचे कार्य कळत नाही. १८९२ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय माणसांना जमावाने ठार मारले. त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याशी स्पर्धा करीत होते. या घटनेनंतर आयडा बी. वेल्स या पत्रकार स्त्रीने अशा हत्यांची प्रकरणे तपासली, आणि गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचाराचा जो आरोप दर वेळी पुढे केला जाई, तो बहुधा मालमत्ता, मजुरी किंवा मतदान यांविषयीच्या संघर्षाचे आवरण असतो, असे दाखवून दिले. वेल्स यांचे निरीक्षण कथनशास्त्राच्या भाषेत असे मांडता येईल : लैंगिक आरोपामुळे सामाजिक संघर्षाचे रूपांतर खाजगी प्रमादात होते, जमाव हा आक्रमक न राहता नीतीचा रक्षक बनतो, आणि बळीच्या बाजूने बोलणाऱ्यालाच प्रथम चारित्र्याचा खुलासा द्यावा लागतो. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरील आपल्या २००८ च्या इंग्रजी पुस्तकाचे शीर्षक अमेरिकेतील त्या हत्यांवरच्या प्रसिद्ध गीतावरून घेतले, त्यामागेही हे साम्य असावे.

५

कवलेवाड्यातील घटनेत याच रचनेची पुनरावृत्ती दिसते. संजय खोब्रागडे हे गावातील बौद्ध कार्यकर्ते. बुद्धविहाराच्या जागेसाठी ते प्रयत्न करीत होते आणि त्या जागेवरून गावात वाद होता. मे २०१४ मध्ये रात्री घराबाहेर झोपलेले असताना त्यांना पेटवून देण्यात आले. काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी दिलेल्या जबानीत त्यांनी गावातील सहा जणांची नावे घेतली व त्या सहा जणांना अटकही झाली. पुढे पोलिसांनी तपासाची दिशा बदलली : मृताची पत्नी आणि एक शेजारी यांना अटक केली, त्यांनी कबुली दिल्याचे सांगितले आणि अनैतिक संबंध हे हत्येचे कारण असल्याचे जाहीर केले. दलित संघटनांनी हे स्पष्टीकरण फेटाळले.

या प्रकरणात दोषी कोण, हे ठरवणे समीक्षेचे काम नाही. परंतु दोन प्रकारच्या वचनांचे जे मूल्यमापन येथे झाले, ते विचार करण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या ३२ व्या कलमानुसार मृत्युपूर्व जबानी पुराव्यात ग्राह्य होती, आणि केवळ तिच्या आधारे शिक्षाही होऊ शकत असे. उलट पोलिसांपुढे दिलेली कबुली याच अधिनियमाच्या २५ व्या कलमाने अग्राह्य होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा भेद कायम आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जे वचन बलवान, ते सार्वजनिक कथनात मागे पडले, आणि जे वचन न्यायालयात टिकणारे नव्हते, त्याचे रूपांतर सर्वांना पटणाऱ्या गोष्टीत झाले. याचे कारण पुराव्याच्या बळात शोधून सापडत नाही. ते गोष्टीच्या परिचितपणात आहे. खैरलांजीच्या वेळी एकदा सांगितलेली गोष्ट आठ वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यात तयारच होती.

६

आता निकालपत्राकडे वळता येईल. खैरलांजीचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. डिसेंबर २००६ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. भंडारा येथील न्यायालयाने १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी ठरवले व तिघांना सोडले. २४ सप्टेंबर रोजी सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून सर्व आठ जणांना पंचवीस वर्षांची शिक्षा ठरवली. दोन्ही न्यायालयांनी हत्या मान्य केली. परंतु अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली शिक्षा झाली नाही, आणि लैंगिक अत्याचाराच्या आरोपालाही न्यायालयीन निष्कर्षांत स्थान मिळाले नाही. कृत्य सूडाचे, जातीमुळे झालेले नव्हे, असा उच्च न्यायालयाच्या निष्कर्षाचा गाभा होता.

येथे न्यायालयाने जात दडवली, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अपुरे आहे. सूड हे वर्णन चुकीचे नव्हते. साक्ष दिल्याचा सूड घेतला गेला, हे वर नमूद केलेल्या घटनाक्रमावरून दिसतेच. प्रश्न असा, की कोणाच्या साक्षीचा असा सूड घेता येतो? गावातील प्रबळ जातीच्या एखाद्या कुटुंबाने हीच साक्ष दिली असती, तर गावाने मिळून ते सारे कुटुंब संपवले असते काय? सूड आणि जात ही दोन कारणे परस्परांना वगळणारी आहेत, ही समजूत न्यायालयाची एकट्याची नव्हती. ती तत्कालीन कायद्याच्या वाक्यरचनेतच होती. १९८९ च्या अधिनियमातील संबंधित तरतुदीत, पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा झालेला असला पाहिजे, अशी अट होती. कारण एकवचनी असावे, असा या शब्दयोजनेचा अर्थ लावला गेला. आणि गावातील कोणताही गुन्हा एकाच कारणाने होत नसल्यामुळे जमीन, पाणी, सूड किंवा चारित्र्य यांपैकी एखादे कारण दिसताच जात कारणांच्या यादीतून गळून पडे.

२०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, हे शब्द बदलले. 'या कारणावरून' च्या जागी पीडित व्यक्ती त्या जातीची असल्याचे 'माहीत असताना' अशी रचना आली. आणि आरोपीची पीडिताशी वा त्याच्या कुटुंबाशी ओळख असेल, तर हे माहीत होते असे न्यायालयाने गृहीत धरावे, असेही ठरले. हा बदल तांत्रिक वाटतो, पण गावाविषयीच्या आकलनात त्याने मोठा फरक केला. जुन्या रचनेत जात मनात दडलेला हेतू होती आणि ती खणून काढावी लागे. नव्या रचनेत जात हे ज्ञान आहे, आणि लहान गावात ते ज्ञान सर्वांना असते, हे कायद्याने मान्य केले. दडलेल्या ताणाच्या संकल्पनेचा कायद्याने अंशतः केलेला हा त्याग आहे. साहित्यसमीक्षेने त्याची दखल घ्यावयास हवी. मात्र ही दुरुस्ती खैरलांजीच्या कामी येणार नव्हती. फौजदारी कायदा मागे जाऊन शिक्षा देत नाही.

७

रणजित गुहा यांनी १९८७ साली लिहिलेल्या एका निबंधात १८४९ मधील बंगालच्या वीरभूम भागातील एका बागदी स्त्रीच्या मृत्यूच्या जबान्या वाचल्या आहेत. कायद्याला त्या मृत्यूतून एक गुन्हा हवा होता, आणि तो मिळवण्यासाठी त्याने नातेवाइकांच्या हतबलतेचे रूपांतर कबुलीत केले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जबान्यांच्या तुटक वाक्यांतून त्या स्त्रियांचे परस्परांशी असलेले बंध पुन्हा वाचता येतात, हा त्या निबंधाचा विधायक भाग. खैरलांजीच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी आहे. तेथे मूळ साक्षीदारच मारले गेले. जे उरले ते इतरांनी त्यांच्याविषयी केलेले लेखन आहे. सुरेखा आणि प्रियंका यांचे शब्द ज्या एका ठिकाणी त्यांच्या हयातीत अधिकृतपणे नोंदले गेले, ते ३ सप्टेंबरच्या मारहाणीविषयीचे. बातम्यांनी जे चरित्र त्यांच्या नावावर रचले, त्याला उत्तर देणारे त्यांचे स्वतःचे एवढेच वचन आहे, आणि ते शांत, नेमके व कायद्याच्या भाषेतले आहे : कोणी मारले, ते आम्ही पाहिले.

मराठी दलित साहित्याने साक्षीचे हे मोल प्रारंभापासून ओळखले होते. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' तील राजा ढाले यांच्या लेखाने राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावी दलित स्त्रीच्या झालेल्या विटंबनेची शिक्षा एकमेकींशेजारी ठेवली. त्या लेखावर गदारोळ झाला तो त्यातील शब्दांमुळे. पण त्याची पद्धत दस्तऐवजांची तुलना करण्याची होती. पुढील आत्मकथनांना 'साक्ष' मानावे की 'कलाकृती', हा वाद मराठी समीक्षेत बराच काळ चालला. साक्ष म्हटले की कलामूल्य उणे पडते, असे एका बाजूने गृहीत धरले, आणि कलेच्या निकषांची गरजच नाही, असे दुसऱ्या बाजूने. साक्ष देण्याची किंमत काय असते, हा प्रश्न त्या वादात क्वचितच विचारला गेला. खैरलांजीने तो विचारला आहे. जेथे साक्षीदाराला जिवाची किंमत मोजावी लागते, तेथे साक्ष हे निव्वळ माहिती पुरवणारे वचन राहत नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातील सत्तासंबंध बदलू पाहणारी ती कृती ठरते. तिला कलेहून कमी लेखणारी समीक्षा त्या कृतीकडे पाहतच नाही.

भैयालाल भोतमांगे यांचे २० जानेवारी २०१७ रोजी नागपूर येथे निधन झाले. दहा वर्षांहून अधिक काळ ते या प्रकरणाचे फिर्यादी आणि जिवंत साक्षीदार होते, आणि जातीमुळेच हे घडले असे ते अखेरपर्यंत सांगत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर या घटनेचा इतिहास पूर्णपणे कागदांवर आला आहे. ते कागद वाचणाऱ्याने गावाच्या पोटात काय दडले होते, हे शोधत बसण्याऐवजी कोणते वाक्य कोणत्या पानावर गाळले गेले, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. शिवेवरच्या साक्षीला गाव एकेकाळी मान देत असे, कारण ती साक्ष गावाची होती. स्वतःची साक्ष स्वतः देणाऱ्याला तो मान अद्याप मिळालेला नाही.